भास्करकाकांचा डोळा

भास्करकाकांच्या दुकानात येऊन "घड्याळाची चावी गेलीय" असं कुणी म्हटलं, की त्यांना राग यायचा. "उघडल्याबिगर बोलू नका," असं दटावून ते डोळ्याला भिंग लावायचे आणि झाकण उचकटायचे. श्रीरामपुरात मी शाळेत मास्तर आणि काकांचा शेजारी होतो, म्हणून सांगतो, हा माणूस कलिंगडसुद्धा वाजवून घेत नसे, कापूनच घेई.

एकदा त्यांना एकाची दोन दिसू लागली. काकांनी दोष भिंगांना दिला आणि तीन भिंगं बदलली. एका गिऱ्हाइकाला तर, घड्याळात चार काटे कुणी बसवले, म्हणून झापलं. डोळा सुजून पुढे आला तेव्हा मीच त्यांना बळेबळे डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, डोळ्यामागे गाठ दिसतेय, वाईट निघाली तर डोळा जाईल. डोळा गेला तर धंदा गेला. काका म्हणाले, उघडून बघा. बाईंनी कपाळाला हात लावला आणि एमआरआय करायला पुण्याला पाठवलं. न उघडता आतलं दिसतं, हे ऐकून काकांनी एसटीत नगर येईपर्यंत मला तीनदा विचारलं, खरंच का म्हणून.

त्या मशीनमध्ये मोठं लोहचुंबक असतं, म्हणून धातूचं सगळं बाहेर ठेवायचं होतं. काकांच्या खिशांतून चिमटे निघाले, स्क्रू ड्रायव्हर निघाले. शेवटी बंडीच्या आतून काकूंचं मनगटी घड्याळ निघालं, बंद पडलेलं. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. ते काही काका हातातून सोडेनात. अखेर माझ्याकडे दिलं आणि बजावलं, चावी फिरवायची नाही.

फोटोत डोळ्याच्या स्नायूत बारीकशी पुटकुळी दिसली. आत जंताची अळी होती. असं क्वचितच होतं म्हणे. कापाकापी नको, गोळ्यांनी भागेल, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी फोटो खिडकीच्या उजेडाला धरून बराच वेळ पाहिला. मग हळूच विचारलं, ह्या मशीनमधे एखादं घड्याळ बघून मिळंल का. डॉक्टर हसले. घड्याळाची पार वाट लागेल म्हणाले.

गोळ्यांनी डोळा सुधारला. काटे पुन्हा दोन झाले. एक दिवस मी चेष्टेत म्हणालो, आता काकूंचं घड्याळही उघडा की, उघडल्याशिवाय कसं कळणार?

काका भिंग पुसत राहिले. चेष्टा केल्याचं मला फार वाईट वाटलं.

"उघडून दुरुस्त करायचं म्हंजी आदी स्प्रिंगचा पीळ सोडावा लागतो, मास्तर," ते म्हणाले. "हे भरल्या चावीवर बंद पडलंय. शेवटची चावी तिनं दिलेली. तिच्या हातचा पीळ हाय अजून आत."