एकोणचाळीस दिवे आणि एक वाढीचा

यंदाच्या क्रीडा दिनाला प्रमुख पाहुणा मी आणतो, असं मी मंडळाच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं तेव्हा कुणी मान वर करूनही बघितलं नाही. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या आमच्या मराठी मंडळात अविवाहित मेंबरला कोशिंबिरीइतकाच मान असतो. पानात हवी, पण तिच्यासाठी जेवायला कुणी येत नाही.

"इटलीचा आहे. प्रोफेशनल फुटबॉलर," मी म्हणालो.

आता सगळ्यांनी बघितलं. २००६चा जुलै होता आणि इटलीनं नुकताच वर्ल्ड कप जिंकला होता. ज्यांना फुटबॉलमध्ये हात का लावत नाहीत हे माहीत नव्हतं, तेसुद्धा इटलीच्या बचावाबद्दल तावातावानं बोलत होते.

अध्यक्ष राजारामकाकांनी चष्मा पुसला. "त्या टीममधला?"

"त्याच देशातला," मी म्हणालो. खोटं एक अक्षर बोललो नाही. टाळ्या झाल्या.

दोनातो रिगेत्ती माझ्या खालच्या अपार्टमेंटमध्ये राहायचा. डिफेंडर. इटलीत तिसऱ्या डिव्हिजनमध्ये उमेदवारी, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये अख्खी जवानी आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये एकूण अकरा मिनिटं. मग एक गुडघा, मग दुसरा गुडघा, मग अमेरिका. इथल्या एका छोट्या क्लबनं त्याला आणलं आणि वर्षभरात क्लबच बंद पडला. त्याच्या नावावर कारकिर्दीत तीन गोल होते, त्यातला एकच समोरच्या टीमवर.

आमची गट्टी जमायचं कारण धंदा. मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर टेस्ट करतो. माझं काम नीट झालं की काहीच होत नाही. त्याचंही तेच. चहा पिताना (तो त्याला सूप म्हणायचा) तो एकदा म्हणाला, "निमिष, स्ट्रायकरचे गोल मोजतात. मी जे होऊ दिले नाहीत ते कुणी मोजलेत?" मी म्हणालो, माझ्या मॅनेजरला विचारून सांगतो.

प्रमुख पाहुणा व्हायला तो तयार झाला, पण त्याचं एक काम होतं. ओहायोतल्या एका इनडोअर टीमचा मॅनेजर, डॉयल नावाचा, त्याचा खेळ बघायला येणार होता. नवं काँट्रॅक्ट मिळालं तर व्हिसा टिकणार, नाहीतर सप्टेंबरअखेर सामान बांधायचं. व्हिसा म्हटल्यावर मी आधी माझ्याच व्हिसाची तारीख मनात तपासली. आमच्यात हा आजार सगळ्यांना असतो. तर त्याच्याकडे ना टीम, ना मैदान. माझ्याकडे पार्कमधलं मैदान होतं आणि विवाहित विरुद्ध अविवाहित अशी बावीस माणसं होती. पैकी निम्म्यांना कोलेस्टेरॉल होतं, पण पाय सगळ्यांना होते.

"एकच गोष्ट," दोनातो म्हणाला. "डॉयलला मी चौतीसचा आहे."

"आणि पासपोर्टला?"

"एकोणचाळीस. पासपोर्ट नंतर बघतील. आधी पाय बघू दे. पाय बघितले की वय कोण विचारतंय?"

मला पटलं. तरीही राजारामकाकांच्या शोभाकाकूंनी पाहुण्यांच्या परिचयासाठी फोनवर वय विचारलं, तेव्हा मी बेधडक खरं सांगितलं. परिचय मराठीत होणार होता. डॉयलला मराठी कुठलं यायला! माझा बचाव अभेद्य होता.

ऑगस्टात क्रीडा दिनाच्या शनिवारी डॉयल वेळेवर आला. उंच, शांत माणूस, हातात कॉफी. दोनातो बूट बांधून तयार होता. त्याचा चेहरा मी इतका उजळ कधीच बघितला नव्हता. पोट आत घेऊन तो मैदानाकडे वळला आणि राजारामकाकांनी त्याला दंडाला धरून थांबवलं. पाहुणा सत्काराआधी घाम गाळणार, हे मंडळाच्या इतिहासात घडलं नव्हतं.

त्याला खुर्चीवर बसवलं. जर्सीवर शाल आली, हातात नारळ आला. मग काकांनी माइक घेतला आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी ऐन वेळी इंग्रजीत शिरले. काकांनी आजवर केलेले सगळे सत्कार निवृत्तांचे. त्यांच्याकडे भाषण एकच आहे, फक्त नाव बदलतं. तेव्हा प्रदीर्घ सेवा झाली, कृतार्थ जीवन झालं, आणि शेवटी, "उर्वरित आयुष्य त्यांना निरामय आणि सुखासमाधानाचं जावो." डॉयलनं कॉफी खाली घेतली.

मी त्याच्याकडे धावलो. म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांनाच असं बोलतात, माझ्या वाढदिवसालासुद्धा बोलले होते. तो हसला. सुटलो, असं वाटलं.

तेवढ्यात शोभाकाकू परात घेऊन आल्या.

परातीत कणकेचे दिवे होते. एकसष्टीला एकसष्ट, पंचाहत्तरीला पंचाहत्तर, तसे. जूनमध्ये दोनातोचा वाढदिवस होऊन गेला, हे त्यांना माझ्याच तोंडून कळलं होतं. परदेशात बिचाऱ्याला ओवाळणारं कोण आहे, म्हणून त्या पहाटे उठून कणीक मळत बसल्या होत्या.

"हाउ ब्युटिफुल," डॉयल म्हणाला. "हे दिवे कशाचे?"

"वयाचे," काकू प्रेमानं म्हणाल्या. "वन लॅम्प, वन इयर."

दोनातोनं हे ऐकलं. त्याचा चेहरा पेनल्टी किकसमोर उभ्या असलेल्या माणसासारखा झाला. परात त्याच्या तोंडासमोरून गोल फिरायला लागली, आणि त्यानं हळूच, खोकल्याचं निमित्त करून फुंकर मारली. चार दिवे गेले. माझ्या हिशेबानं पस्तीस!

पण आमच्याकडे ओवाळताना दिवा विझणं म्हणजे अपशकुन. काकूंनी लायटर काढला आणि चारही लावले. दोनातोनं डावीकडून सहा विझवले. काकूंनी सहा लावले. त्याला वाटलं वारा मदत करेल, पण काकूंनी वाऱ्याच्या बाजूला राजारामकाकांना उभं केलं. काका रुंदीला भिंत आहेत. अठरा वर्षं भल्याभल्या स्ट्रायकरांना रोखणारा तो माणूस एका लायटरपुढे हतबल झाला. सगळं मंडळ हसत होतं. मीही हसलो, मग त्याचे डोळे बघितले आणि थांबलो.

डॉयल ओठ हलवत मोजत होता. "फोर्टी?" त्यानं विचारलं.

"नाही नाही," काकू म्हणाल्या, "थर्टी नाइन. एक वाढीचा, पुढच्या वर्षासाठी."

पुढे मॅच झाली. आमची मॅच एरवी अकरा-नऊ वगैरे होते, क्रिकेट खेळतात की काय असं वाटतं. त्या दिवशी दोनातो विवाहितांच्या बाजूनं मागे उभा राहिला आणि आम्हा अविवाहितांना पुढे जाताच येईना. तो पळतच नव्हता. बॉल जिथे येणार तिथे तो आधीच असायचा, आणि आलेला बॉल हळूच, कुणालाही न दुखवता काढून घ्यायचा. जो डाव माझ्या मनात अजून ठरलेलाही नव्हता, तो त्यानं उधळलेला असायचा. इतकं सुंदर काही मी मैदानावर बघितलेलं नाही. शून्य-शून्य.

डॉयलही हलला नाही. शेवटपर्यंत उभा राहून बघत होता. मग येऊन त्यानं दोनातोचा हात बराच वेळ धरून ठेवला. "पाय अजून आहेत," तो म्हणाला. "पण मला तीन सीझनचा माणूस हवाय. सॉरी. तुझा निरोप समारंभ मात्र फार छान झाला."

सप्टेंबरात मी त्याला डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर सोडायला गेलो. गाडीत मी सॉरी म्हणायला पाच वेळा तोंड उघडलं आणि पाचही वेळा ट्रॅफिकबद्दल बोललो. शाल त्याच्या खांद्यावर होती. हँडबॅगेत नारळ होता. सिक्युरिटीवाले फोडायला लावतील, असं मी म्हणालो.

"माझ्याबरोबरचे सगळे असेच संपले," तो म्हणाला. "फोन येणं बंद होतं. कुणाला कळतही नाही. मला निदान दिवे लावून सांगितलं." मग शाल सारखी करत म्हणाला, "आणि ती बाई, निमिष. काय खेळते! एकही सोडला नाही."

तो आत गेला. पुढे त्याच्या गावातल्या पोरांना तो बचाव शिकवतो, असं एका पोस्टकार्डावर आलं.

एअरपोर्टवरून मी परतलो तेव्हा मंडळाची मीटिंग चालू होती. राजारामकाकांनी क्रीडा दिनाचा आढावा घेतला, जेवण उत्तम झाल्याची नोंद केली आणि मला जवळ बोलावलं.

"माणूस चांगला होता रे," ते म्हणाले. "पण अख्ख्या मॅचमध्ये काही झालंच नाही. पुढच्या वर्षी एखादा गोल करणारा बघ."