खालचा दोरा

"पंधरवड्यात गोधडी तुझ्या अंगावर नसेल, तर नाव बदलीन," धाकटीने थोरल्या बहिणीला शब्द दिला. शब्द द्यायला तिचं काही जात नव्हतं. सत्तरी जवळ आली तरी घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. खरं नाव सांगायचं तर तिलाही जरा आठवावं लागलं असतं.

गोधडी होती आईच्या जुन्या सुती कपड्यांची. ते कपडे दोघींनी इतकी वर्षं जपले, कारण कात्री कुणी लावायची यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही. मग थोरलीची नजर गेली. तेव्हापासून ती मुलाच्या घरी, खिडकीशी खाटेवर बसून असे. ज्या हातांनी अर्ध्या गल्लीला पांघरूण घातलं, ते हात आता मांडीवर रिकामे पडून असत. आणि परवा थोरली आपणहून म्हणाली, "आईचे कपडे काप आता. डोळे मिटायच्या आधी ती गोधडी अंगावर घेऊ दे." जरा थांबून तिनेच पुढे जोडलं, "डोळ्यांनी तर घाईच केली म्हणा."

धाकटीने तुकडे कापले. अडचण होती अंगठ्याची. सुई धरली की तो संपावर जाई. डॉक्टरांनी सुई बंद करायला सांगितली होती आणि ते तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. थोरलीला तर नाहीच. कारण उपाय एकच उरला होता, शिलाई मशीन, आणि मशीनबद्दल थोरलीचं मत गल्लीला पाठ होतं. "मशीनची शिवण पोत्याला बरी. माणसाच्या अंगावर हाताचाच टाका हवा."

समोरच्या शिंप्याने आपली जुनी मशीन आणून दिली. कापड जाड म्हणून जाड सुई बसवली, खालची बॉबिन, म्हणजे दोऱ्याची छोटी रीळ, भरून झाकण लावलं, वर दोरा ओवला आणि शिकवायला उभा राहिला.

"काकू, पाय हळू. दार नाही ढकलायचंय."

"मला नका शिकवू. गोधड्या शिवण्यात हयात गेली माझी."

त्या दिवशी मशीन उलटी पळाली. दुसऱ्या दिवशी धाकटीने आईच्या कपड्याच्या बाहीला स्वतःची बाही जोडली. शिंप्याला हाक मारायला दारात जायचं, तर मशीनही बरोबर यायला निघाली. शेवटी खिडकीतून ओरडावं लागलं. शिंप्याने येऊन न हसता टाके उसवले, हा त्याचा मोठेपणा.

एवढं सगळं शिकवलं, पण खालचा दोरा संपतो हे मात्र तो बोलला नाही. त्याच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. घास तोंडात घालायचा असतो हे कुणी कुणाला सांगतं का? आणि धाकटीच्या हिशेबी एका सुईला एक दोरा, हा जन्मभराचा हिशेब होता. खाली आणखी एक दोरा आहे आणि त्याच्यात अडकल्याशिवाय वरचा टाका धरत नाही, हे तिच्या गावीही नव्हतं.

हळूहळू मशीन सुतासारखी चालायला लागली. मग तर फारच हलकी चालायला लागली. "हात बसला माझा," तिने शिंप्याला खिडकीतूनच सांगितलं.

खरं तर एक जोड उलगडून बघितला असता तरी सगळं कळलं असतं. पण त्यांच्या आईचा नियम होता, जोडलेले तुकडे उलगडायचे नाहीत. तसेच दुमडून रचायचे, आणि पहिल्यांदा उलगडायचे ते ज्याच्या अंगावर गोधडी जायची त्यानेच. अर्धी गोधडी बघितली की ती पुरी होत नाही, असं आई म्हणे. धाकटीने सगळे जोड टोपलीत नीट रचले आणि छाती काढून थोरलीकडे गेली.

थोरलीने पहिला जोड उलगडला. तिची बोटं शिवणीवरून सावकाश फिरली.

"सरळ आलाय टाका," थोरली म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा."

सून हसली. खूश व्हावं की रागवावं, हे धाकटीला ठरवता येईना. दुसरा जोडही छान निघाला. तिसरा मात्र उलगडताच दोन्ही हातांत वेगवेगळा आला. मग चौथा. मग टोपलीतले सगळेच. थोरलीच्या मांडीवर आईच्या कपड्यांचा ढीग झाला आणि वर सुट्या दोऱ्यांचा गुंता.

"धाकटे," ती म्हणाली, "हे शिवलंयस, की नुसतं त्यांना एकत्र राहायला सांगितलंयस?"

धाकटीला रडू फुटलं. अंगठा, मशीन, शिंपी, सगळं तिने सांगून टाकलं. थोरलीने तिचा हात ओढून घेतला आणि सुजलेला अंगठा चाचपला.

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून, ताई."

"आणि मला बोलली नाहीस."

"तू म्हणाली असतीस, पोत्याला बरी."

"म्हटलंच असतं," थोरलीने कबूल केलं.

थोरलीची बोटं सवयीने एका तुकड्याची कड चाचपत होती. ती एकदम थांबली.

"ही भोकं कसली?"

"मशीनच्या सुईची."

थोरलीने कडेवरून नख फिरवलं. परत फिरवलं. "सगळी एका ओळीत आहेत." मग सुनेला म्हणाली, "सुई ओवून दे मला."

"टोचेल तुम्हाला."

"टोचू दे. टोचली की कुठे आहे ते कळेल."

धाकटीने दोन तुकड्यांची भोकं जुळवून धरली. तेवढं अंगठ्याला जमत होतं. थोरलीने पहिलं भोक शोधलं, सुई घातली, काढली, पुढचं शोधलं. नजर गेल्यापासून तिने सुईला हात लावला नव्हता. त्या हातांना पुन्हा काम करताना पाहून धाकटी पुढची भोकं जुळवायचीच विसरली.

पंधरवडा उलटला. गोधडी अर्धीही झाली नव्हती. "नाव बदल आता," थोरली रोज आठवण करून देई, सुई न थांबवता.

शिंपी एकदा मशीनला तेल द्यायला आला, तर बॉबिन रिकामी. तो ओशाळला. "काकू, चूक माझी. खालचा दोरा संपतो, हे सांगायचंच राहिलं. थांबा, भरून देतो." मग त्याने वर पाहिलं. "अहो, वरही दोरा नाही."

"काढून टाकलाय," धाकटी पुढचे तुकडे सुईखाली सरकवत म्हणाली.

"मग जोडणार कसं?"

"ते ताई बघते. मी नुसती भोकं पाडून देते. दोराबिरा काही घालू नका. तिला आताच कुठे मशीनची शिवण आवडायला लागलीये."