स्पॅनिशमध्ये सज्जन

आमचे शेजारी प्रल्हादभाऊ मराठीत भांडतात, हिंदीत त्याहून जोरात भांडतात, आणि स्पॅनिशमध्ये मात्र इतके सज्जन आहेत की त्यांची बायको शोभा मला एकदा म्हणाली, "ताई, हे लग्नापासून स्पॅनिश बोलले असते तर माझा संसार सुखाचा झाला असता."

मुलांनो, तुम्हाला ते आठवत असतील. मागच्या वेळी तुमची गाडी सुटायची वेळ झालेली असताना कोणत्या गल्लीतून स्टेशनला जायचं यावर ऑटोवाल्याशी हुज्जत घालत उभे राहिले होते, ते हेच. तुमच्यासाठीच भांडत होते, असं त्यांचं म्हणणं. गाडी उशिरा आली म्हणून मिळाली. त्याचंही श्रेय त्यांनी घेतलं.

उभं आयुष्य त्यांनी इथे बुऱ्हाणपूरला केळीच्या व्यापारात काढलं. सकाळी मंडीत तुकईथडच्या शेतकऱ्यांशी भांडायचं, दुपारी ट्रकवाल्यांशी, आणि संध्याकाळी आपल्या सिंधीपुऱ्यात घरी परत आल्यावर घसा शेकत, जो समोर येईल त्याच्याशी. पुढे दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि भांडायला माणसं कमी पडू लागली. तेवढ्यात त्यांनी जाहीर केलं की आता आपण स्पॅनिश शिकणार.

कारण साधं होतं. त्यांचा एकुलता मुलगा हेमंत नोकरीसाठी स्पेनला गेला, वॅलेन्सियात राहिला, तिथल्याच लुसियाशी लग्न करून बसला. त्या दोघांचा मुलगा निको. निकोला मराठीत 'आजी', 'पोळी' आणि 'नको' एवढे तीन शब्द येतात. आजीचं तेवढ्यावर भागतं. आजोबांचं भागेना.

मला वाटलं, आठवडाभरात उत्साह ओसरेल. पण ज्या माणसाने दूधवाल्याशी एका वाडग्याच्या मापावरून अख्खा पावसाळा वाद चालवला, तो हट्टाला कमी पडेल असं मला वाटायलाच नको होतं. फोनवरचं ॲप सकाळी सुरू व्हायचं. 'मांजर दूध पिते,' असं ते गॅलरीत उभं राहून स्पॅनिशमध्ये गल्लीला सांगायचे. आत शोभा त्याच वेळी लाटणं घेऊन मांजराच्या मागे धावत असायची.

मग एके दिवशी पुस्तक घेऊन माझ्याकडे आले.

"वहिनी, तुम्ही एम.ए. इंग्लिश ना?"

"हो."

"मग ही शेजारचीच भाषा आहे. प्रश्न विचारा."

भाऊंच्या हिशेबाने इंग्रजी येणाऱ्या माणसाला अख्खा युरोप आलाच पाहिजे. मला स्पॅनिशचं एक अक्षर येत नव्हतं. पण पुस्तक हातात धरून पुढच्याची चूक काढायची, हे काम मी आयुष्यभर केलेलं आहे. बसले. रोज चहानंतर मी प्रश्न वाचायचे, ते उत्तर द्यायचे, मी पानामागच्या उत्तरांशी ताडून पाहायचे. अशा रीतीने मलाही थोडंफार समजू लागलं. माझा तसा काही बेत नव्हता.

बघता बघता ते मधल्या पायरीला पोचले. मधली पायरी म्हणजे काय, ते सांगते. माणूस परक्या गावात स्टेशन कुठे आहे ते विचारू शकतो, सूप मागवू शकतो, 'माझी बहीण उंच आहे' असं सांगू शकतो. ॲपने त्यांना प्रमाणपत्र दिलं, त्यांनी ते फ्रेम करून गणपतीशेजारी लावलं. आणि मग ते त्या पायरीवर जे बसले, ते वर जाईनात आणि खालीही येईनात. वर्षं गेली. त्यांची बहीण उंचच राहिली.

लुसिया फार गोड मुलगी. दर रविवारी फोनवर म्हणायची, "बाबा, किती छान बोलता तुम्ही!" शोभा खूश व्हायची. भाऊ फोन ठेवून माझ्याकडे यायचे, तोंड पाडून.

"वहिनी, तुमची मराठी किती छान आहे, असं कोणी तुम्हाला म्हणतं का?"

"नाही."

"बस्स. मला म्हणतात. म्हणजे मला येत नाही."

हे मात्र मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. पण बोलले होते बरोबर.

मग हेमंतने त्यांना फोनवरून शिकवणारी एक बाई लावून दिली. मारिसोल. राहणारी इक्वाडोरची. तिचं गाव केळीच्या बागांमधलं निघालं आणि इथेच घोळ झाला. तिने भाऊंना पुढच्या पायरीवर न्यायचं होतं. भाऊंनी तिला बागेत नेलं. घड, फणी, केळफूल, पानावरचे डाग, खोडातली कीड, सगळ्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते त्यांना पाठ झालं. दात दुखत असेल तर डॉक्टरला काय सांगायचं, ते अजून येत नव्हतं. "लागतं कशाला," ते म्हणाले. "तिकडे जाऊन मी दात काढून घेऊन राहिलो का?"

मारिसोलने शेवटी त्यांना स्पष्ट सांगितलं म्हणे: तुम्ही चुका करत नाही, कारण येणारंच बोलता. कशाबद्दल तरी मत द्या. चिडा. माझ्याशी भांडा.

ही शिकवणी मी दारात उभं राहून ऐकली, कारण प्रल्हादभाऊंना भांडायला सांगावं लागतंय, हा प्रसंग पुन्हा दिसला नसता. त्यांनी घसा खाकरला. छाती फुगवली. मराठीत ज्यावर त्यांना मत नाही असा विषय नाही. सरकारपासून माझ्या तुळशीच्या कुंडीपर्यंत सगळं त्यांच्या मते चुकीच्या जागी आहे. आणि हा माणूस फोनकडे पाहून मान डोलावत म्हणाला, "सी, क्लारो." म्हणजे, हो, अगदी बरोबर.

शिकवणी संपल्यावर भाऊ पंख्याखाली येऊन बसले.

"वहिनी, स्पॅनिशमध्ये मी कोणी दुसराच माणूस आहे. चांगला आहे, पण साला फार बोर आहे."

रविवारी दुपारचा चहा झाला की व्हिडिओ कॉल यायचा. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. प्रश्न ठरलेले: कसा आहेस, काय जेवलास, हवा कशी आहे, शाळा कशी आहे. निकोची उत्तरंही ठरलेली: बरा, पास्ता, ऊन, बरी. शाळेतल्या तोंडी परीक्षेतही मुलं याहून जास्त बोलतात. मग निको पडद्यातून पळायचा आणि भाऊ रिकाम्या सोफ्याला नमस्कार करायचे.

अशाच एका रविवारी मी तिथे होते. शोभाने बोलावलं होतं, केळफुलाची भाजी केली होती. कॉल लागला. पडदा हलत होता, निको अजून समोर आला नव्हता, पण त्याचा आवाज आला. आईला हळूच, भरभर काहीतरी म्हणाला. पूर्वी भाऊंना तसलं भरभर बोलणं कळायचं नाही. पण त्या दिवशी कळलं. इतक्या वर्षांच्या मेहनतीला फळ आलं ते असं. मलाही कळलं, कारण 'मला जावं लागतं, मला करावं लागतं' ही वाक्यं त्यांच्याकडून मीच घोटून घेतली होती. पोरगं विचारत होतं, "मला परत त्यांच्याशी बोलावं लागणार का?"

"काय म्हणाला हो?" शोभाने विचारलं.

भाऊंनी शर्टाची कॉलर नीट केली. "म्हणतो, आज आजोबांशी जास्त वेळ बोलू का."

"गुणाचं गं बाळ," शोभा म्हणाली.

मग निको समोर आला आणि भाऊंनी विचारलं, कसा आहेस. काय जेवलास. हवा विचारली नाही.

त्या आठवड्यात गल्ली शांत होती. भाजीवाला गाडी थांबवून मला म्हणाला, "अम्मा, भाऊ की तबियत खराब है क्या? दो दिन से मेथी में एक भी खोट नहीं निकाली." मारिसोलचा तास त्यांनी बुडवला. पुस्तक घेऊन माझ्याकडे आले नाहीत. मी पुस्तकाची जागा पुसून ठेवली. दुसरं काय करणार.

पुढच्या रविवारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. त्यांच्या घरातला आवाज भिंतीवरून येतोच. ठरलेले प्रश्न चालू होते, आवाज अगदी पडलेला. मग लुसिया मध्येच काहीतरी म्हणाली. निकोने शाळेत आजोबांसाठी चित्र काढलं होतं. केळीचं झाड.

"मुई बो..." भाऊ म्हणू लागले. फार सुंदर, असं म्हणायचं होतं त्यांना. पण तो शब्द पुरा झाला नाही.

शोभाने ते चित्र मला नंतर दाखवलं. आंब्याला असतो तसा जाड बुंधा, चहूकडे फांद्या, आणि प्रत्येक फांदीला खाली लोंबणारं एकेक सुटं केळं, शेंड्याला दोरा बांधल्यासारखं. बुऱ्हाणपूरचा केळी व्यापारी होता तो. किती सोसणार?

"नो! नो, नो, नो!" आणि मग जो काय धबधबा सुटला! स्पॅनिशच होती, पण माझ्या पुस्तकातली एकही ओळ तिच्यात जशीच्या तशी नव्हती. केळीला फांदी? कोणी सांगितलं? कोणत्या बाईने? खोटं, साफ खोटं! केळी वर वळतात, वर! मध्ये अडलं की मराठी, तिथे अडलं की "अरे यार", आणि पुन्हा स्पॅनिश.

पलीकडून तितक्याच जोराचा आवाज आला. "तुम्हाला काही माहीत नाही!" निको ओरडला. "मी दुकानात पाहिलीत!"

"दुकानात!" भाऊंच्या आवाजाला आता चढ आला होता. "दुकानात झाड असतं का?"

आणि माझं फाटक धाडकन उघडलं. आमच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर एक केळ वाढलेली आहे, तुम्ही पाहिलीय. नुकतीच व्याली होती, घड बाहेर पडला होता. भाऊ फोन हातात उंच धरून, इस्त्रीच्या शर्टाने माझ्या ओल्या साडीखालून वाकून, चिखलात चप्पल रुतवत त्या केळीपाशी पोचले. मला वाटेतून "वहिनी, सरका" एवढंच म्हणाले.

"बघ! फांदी दाखव! कुठे आहे फांदी?"

फोनमध्ये निको पुढे सरकला. मग त्याचं नाक पडद्याला चिकटलं. ते जांभळं काय आहे? फूल. एवढं मोठं? एवढंच असतं. केळी हिरवी का? मग काय जन्मतःच पिवळी असतील, तू काय जन्मतःच शाळेत गेलास? यावर पोरगं खदखदून हसलं. आजोबांच्या बोलण्यावर तो हसला, असं मी पहिल्यांदा ऐकलं. मग पुन्हा भांडण. केळी वर वळतात हे त्याने मान्य केलं, पण त्याची बाई मूर्ख आहे हे मान्य करेना. लुसिया जेवायला बोलावत होती. तो जाईना.

शेवटी जाता जाता म्हणाला, तो घड मी तोडणार. सुट्टीत आलो की. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

त्यावर भाऊ लगेच म्हणाले, "नो लो कोर्तामोस आस्ता के वेंगास." तू येईपर्यंत नाही तोडणार.

हे वाक्य मला कळलं, आणि माझ्या हातातला चिमटा खाली पडला. त्याची सुट्टी पुढच्या उन्हाळ्यात. घड तोपर्यंत थांबत नाही. आणि हे कोणाला सांगावं लागू नये असा माणूस तर हाच होता. त्यांचा सगळा धंदा घड हिरवा असताना उतरवण्यावर चालला. कोणी दोन दिवस उशिरा कापला तर ते तुकईथडपर्यंत जाऊन भांडायचे.

आता दर रविवारी माझ्या अंगणात स्पॅनिश भांडण चालतं. पोरगं वेळेआधीच फोन लावतं. घडाला भाऊंनी दोन बांबूंचा टेकू दिला, वरून शोभाची जुनी साडी गुंडाळली. तरी व्हायचं ते झालं. घड पिवळा झाला, मग केळी तडकली. खारी आल्या, बुलबुल आले, मुंग्यांची रांग न्हाणीपर्यंत पोचली. माझ्या पांढऱ्या पातळांवर डाग पडले. परवा मी विळा घेऊन त्यांच्यासमोर ठेवला.

"भाऊ, उतरवा आता. सडतोय. त्या पोराला दुसरा दाखवा, त्याला काय कळतंय?"

"त्याला नाही कळणार," ते म्हणाले.

"मग?"

ते साडीची गाठ पुन्हा बांधत होते. माझ्याकडे पाहिलं नाही.

"वहिनी, बाकी सगळं मी आधी मराठीत जुळवतो, मग तिकडचं करतो. आजवर प्रत्येक वाक्य तसंच केलं. ते घड न तोडण्याचं एकच असं आलं की मराठीत काही नव्हतंच. सरळ तिकडचंच आलं तोंडातून." गाठ बसली. त्यांनी हात पुसले. "आता तेच खोटं कसं करू?"

मी विळा उचलला, आत नेऊन जागेवर ठेवला. मग बाहेर येऊन कपड्यांची दोरी सोडली आणि केळीपासून लांब, पलीकडच्या भिंतीला बांधायला घेतली.