भट्टीच्या मधून भिंत

गवंड्याने बेकरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी धरली आणि तो भट्टीपाशी येऊन थांबला. दोरी बरोबर भट्टीच्या तोंडावरून जात होती.

"भट्टी कोणाच्या बाजूला घ्यायची?" त्याने विचारलं.

"आई, त्याला सांग, अर्धी-अर्धी," दादा म्हणाला.

"आई, त्यांना सांग, मला मंजूर आहे," धाकटा म्हणाला.

दोघे भाऊ एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते. आई मध्ये स्टुलावर बसून ट्रेला तेल लावत होती. गेले कित्येक दिवस घरात असंच चाललं होतं. मीठ पुढे सरकवायचं तरी निरोप आईमार्फत जायचा.

"आणि धूर?" गवंडी म्हणाला. "धुराडं एकच आहे."

याचा विचार कोणीच केला नव्हता. गवंडी दोरी गुंडाळत म्हणाला, "सोमवारी विटा घेऊन येतो. तोवर धुराचं काय ते ठरवून ठेवा."

भिंतीचं कारण जागेची वाटणी नव्हतं. जावांचं भांडण तर मुळीच नव्हतं. थोरली आणि धाकटी गल्ल्यापाशी एकाच बाकावर बसून दिवसभर गप्पा मारत. कारण होते दोन पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि तेही असे की ज्यांना या घरातल्या कोणी समोर पाहिलेलंसुद्धा नव्हतं. दोघे मोबाइलवर यायचे. स्वतःच्या चर्चच्या मंडळीचे पाळक दर रविवारी समोर उभे असत, पण भांडण व्हावं असं ते बिचारे कधी काही बोलतच नसत.

धाकट्याचे पाळक गर्जना करायचे. व्यासपीठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचे, उडी मारायचे आणि सांगायचे, "अधिकार घ्या! दुखण्याला अधिकाराने सांगा, निघ." दादाचे पाळक खुर्चीत बसून बोलायचे. एक शब्द घ्यायचे आणि तो मूळ ग्रीक भाषेत काय होता, हे शांतपणे उलगडत बसायचे. मंडळीत दोन तट पडले, गर्जनावाले आणि ग्रीकवाले, आणि दोन्ही तटांतला एकेक माणूस नेमका या बेकरीत निघाला.

"देव काय हॉटेलातला वेटर आहे का, ऑर्डर सोडायला?" दादा म्हणायचा.

"तुमचे साहेब एक शब्द फोडतात तोवर इकडे पाव करपतात," धाकटा म्हणायचा. हे खरंही होतं. एकदा 'कृपा' या शब्दापायी सबंध घाणा कोळसा झाला होता. त्या दिवशी दोघे इतकं बोलले की त्यानंतर बोलायचेच थांबले, आणि मग कोणीतरी भिंतीचं नाव काढलं.

आईला ही भिंत नको होती. ही भट्टी तिच्या नवऱ्याने बांधली होती आणि तिने स्वतः माती कालवून दिली होती. पण दोन्ही पोरं अशा पवित्र विषयावर भांडत होती की मध्ये बोलायची तिला चोरी. कोणाला गप्प बस म्हटलं, तर देवाला गप्प बस म्हटल्यासारखं व्हायचं.

शनिवारी सकाळी मैद्याची गाडी आली. धाकट्याच्या कानात गर्जना चालू होती. नेमकं त्याच वेळी तिकडून ऐकू आलं, "तुमच्यात बळ आहे, ते वापरा!" धाकट्याने एकाऐवजी दोन पोती एकदम पाठीवर घेतली. पोती खाली आली, धाकटाही खाली आला, आणि उठला तो काटकोनात. सरळ होईना.

दादाने मैद्याच्या ढगातून पाहिलं. "आई, त्याला सांग, मूळ भाषेत याला लचक म्हणतात. डॉक्टरकडे जा म्हणावं."

"आई, त्यांना सांग, मी जाणार नाही."

आता खरा पेच पडला. धाकटा डॉक्टरकडे गेला, तर दादाचे पाळक जिंकले. न जावं, तर बसता येईना, उठता येईना. शनिवार त्याने वाकून काढला. रविवारी उपासनेतही वाकूनच बसला. मंडळीच्या पाळकांना वाटलं, आज याचं मन फार नम्र झालं आहे, आणि त्यांनी येताजाता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

रविवारी संध्याकाळी गर्जनेचा थेट कार्यक्रम असायचा, मोबाइलवर आणि टीव्हीवरही. बेकरी बंद होती. पीठ मळायच्या लांब टेबलावर धाकटा पालथा पडला होता. धाकटीने मोबाइल उशाशी लावला. दादाही आत होता. उद्याच्या पिठाचं बघतोय असं दाखवत होता, पण कान इकडेच होते.

"ज्यांना माझ्याशी बोलायचं आहे, त्यांनी स्क्रीनवरच्या हातावर बोट ठेवा," पाळक म्हणाले. "बाकीच्यांनी मोबाइल दुखऱ्या जागेवर ठेवा, मी प्रार्थना करतो."

धाकटीने मोबाइल नवऱ्याच्या कंबरेवर पालथा ठेवला. तो घसरायला लागला. "आत्या, जरा धरा ना." सासूने वरून तळवा दाबून धरला. माय ती, अर्धवट कशाला दाबेल? चांगला भार देऊन दाबला. खाली स्क्रीनवरचा तो हात धाकट्याच्या कंबरेत रुतला आणि कंबरेने त्याच्यावर बोट ठेवलं म्हणा ना. कार्यक्रमवाल्यांनी तिकडे पुढचा माणूस म्हणून हीच कंबर निवडली.

फोन तिकडे जोडला जाताना मोबाइलचा आवाज बंद झाला. "गेलं वाटतं नेटवर्क," धाकटी म्हणाली.

ती शांतता दादाला सहन झाली नाही. "आई, विचार त्याला, किती फरक पडला? आता मी काय म्हणतो ते सांग. हा माणूस पाळक नाही, भोंगा आहे भोंगा. पोराची कंबर मोडली, आणि हा तिकडे उड्या मारतोय. धर्म म्हणजे काय सर्कस आहे का?"

त्याचं संपलं, तोच शेजारच्या घरातल्या टीव्हीतून दादाचाच आवाज आला. "...पाळक नाही, भोंगा आहे भोंगा. पोराची कंबर मोडली..." पुढच्या गल्लीतूनही, जरा उशिराने, एक भोंगा आला.

दादाच्या हातातलं माप पिठात पडलं. आणि मग धाकट्याच्या कंबरेतून, आईच्या तळव्याखालून, तो सगळ्यांच्या ओळखीचा भारदस्त आवाज आला, "बोला दादा, बोला. ऐकतोय मी."

आईने भीतीने हात आणखी दाबला. "आई गं," धाकटा कण्हला.

"बोललो ते बोललो," दादा भावाच्या कंबरेकडे बघत म्हणाला. शब्द त्याने मागे घेतला नाही. "माझा भाऊ आहे तो. कालपासून वाकलाय."

"कशाने वाकला?"

आता धाकट्याला राहवेना. "साहेब, तुम्ही म्हणालात, बळ वापरा. मी दोन पोती एकदम उचलली."

कंबर खाकरली.

"बाबा, मी पोत्यांबद्दल नव्हतो बोलत," पाळक म्हणाले. आवाजातली गर्जना कुठल्या कुठे गेली होती. एखादा शेजारी दारात येऊन बोलावा, तसं ते बोलत होते. "घरात आणखी कोण आहे?"

"मी आहे, यांची आई." आईने आता कुठे हात उचलला आणि मोबाइल सुलटा केला. पडद्यावर पाळकांचा घामेजलेला चेहरा होता. तिला वाटलं, हाही कोणाचा तरी पोरगाच की. "साहेब, तुमच्यावरून आणि त्या ग्रीकवाल्यांवरून माझी दोन पोरं उद्या भट्टीच्या मधून भिंत घालतायत. अर्ध्या भट्टीत पाव भाजत नाही हो. तुम्ही दोघं मोठी माणसं. तुमचं तुम्ही मिटवा, म्हणजे माझं मिटेल."

"आई, आमचं काही बिनसलेलंच नाही," पाळक म्हणाले. "त्यांचं प्रवचन मी रोज सकाळी ऐकतो. माझ्या बोलण्यात जे काही अभ्यासाचं असतं, ते त्यांच्याकडूनच उचललेलं असतं. आणि दादा, मला भोंगा म्हणायला माझी बायको सोडून कोणी धजत नाही. आज तुम्ही म्हणालात, बरं वाटलं."

मग त्या माणसाने हजारो लोकांसमोर कोटाची बटणं सोडली. आत कंबरेला रुंद, जाड, डॉक्टरी पट्टा आवळलेला होता.

"उड्या मारून मारून हे झालंय. डॉक्टरने दिलाय आणि मी लपवत आलोय. आता लपवत नाही. भावाला उद्याच डॉक्टरकडे न्या. प्रार्थना मी करतोच आहे. दोन्ही चालतं." एवढं बोलून ते खरोखर डोळे मिटून प्रार्थना करायला लागले, हळू आवाजात, धाकट्याच्या कंबरेसाठी, आणि शेवटी अख्ख्या भट्टीसाठीही.

शेजारचा टीव्ही 'आमेन' म्हणाला. मोबाइल बंद झाला.

डोळे पुसायचे म्हणून दादाने हात वर नेला आणि सगळं तोंड पिठाने पांढरं करून घेतलं. "पाहिलंस?" तो भावाला म्हणाला. मध्ये आईला घ्यायचं तो साफ विसरला होता. "एवढ्या लोकांसमोर बटणं सोडली. काय माणूस आहे. याला म्हणतात पाळक."

"पट्टा बांधतात ते," धाकटा टेबलावरून खिन्नपणे म्हणाला.

"मग काय झालं?"

"आणि मला पोती उचलायला लावतात. ते तुमचे ग्रीकवाले बरे. बसून बोलतात, ऐकणारा निदान धड राहतो."

"माझ्यासमोर त्यांना काही बोलायचं नाही, सांगून ठेवतो."

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी धाकट्याला काही आठवडे वजन उचलायला मनाई केली आणि बसून काम करायला सांगितलं. पोती दादा उचलू लागला आणि भट्टीच्या तोंडाशी धाकटा बसला. एकाच्या कानात गर्जना, दुसऱ्याच्या कानात ग्रीक. फक्त कान बदलले होते.

"तुमचे गर्जनावाले काल काय म्हणाले माहीत आहे का?" धाकटा ओरडत होता.

"तू आधी पाव काढ. तुझे ग्रीकवाले शब्द फोडतात तोवर ते करपतील," दादा पोत्याखालून ओरडत होता.

गवंडी विटा घेऊन दारात आला तेव्हा आत हे चाललं होतं. त्याने पाटी खाली ठेवली आणि अदबीने आईला विचारलं, "आजी, धुराचं ठरलं का?"

"भिंत नको," आई म्हणाली. "त्या विटांचा धाकट्याला बसायला एक ओटा करून दे. भट्टीजवळ, पाठ टेकता येईल असा."

गवंड्याने आतला आरडाओरडा ऐकला. त्याच्या अनुभवात अशा घरात भिंत आज ना उद्या होतेच. "ओटा करतो. पण भिंतीला मी परत कधी येऊ, तेही सांगून ठेवा. पुढं कामं आहेत मला."

"ऐकतोयस ना, कसे भांडतायत?" आई म्हणाली. तिचा चेहरा कसा उजळला होता. "हे दोघं गप्प झाले, की ये."