निळ्या पन्नीची मोहीम, मुक्काम लामता

हे युद्ध तुम्ही लाविले. नाव घेत नाही, कारण नाव घेतले की तुमची कचेरी म्हणते हे आमच्या खात्यात येत नाही. परंतु शके अठराशे एकोणनव्वद, चैत्र मासी, भर दुपारी, बालाघाटच्या चौकात पुनाराम गजभिये यांची मोटार अडविणारा पोलिसी हात तुमचा, आणि खिडकीतून आत घुसलेले तोंडही तुमचेच. आपण पुनारामांस नखशिखांत न्याहाळिले, मागील रिकामी गादी न्याहाळिली, आणि फर्माविले की, "मालिक कहाँ है?" पुनारामांनी अर्ज केला, "मैंच हूँ, साहेब." तेव्हा आपण हसलात. शिवी दिली असती तर ती परत देता येते. हसणे परत देता येत नाही, ते घरी घेऊन जावे लागते. तर त्या हसण्यापासून जे जे उत्पात झाले, त्यांची ही हकीकत, कोणाची भीड न धरिता, आणि आपल्याच पक्षाचा गाढवपणा न झाकिता, लिहिली आहे. कान देऊन ऐकावी.

पुनाराम म्हणजे भरवेलीच्या खाणीतील फिटर, बालाघाटच्या बौद्ध मोहल्ल्यातील पहिले मोटारनशीन. मोटार म्हणजे जुनी लँडमास्टर, जी एका ठेकेदाराच्या आवारात कोंबड्यांच्या अमलाखाली होती, आणि मागील गादीवर त्यांचा जनानखाना होता. पुनारामांनी कोंबड्यांशी तह केला, आणि मोटार बैलगाडीवर घालून घरी आणिली, आणि मग खाणीतली पाळी संपली की रोज तिच्याखाली झोपून नटबोल्ट फिरविले, आणि एके दिवशी ती चालू झाली, याचे सर्वांत जास्त आश्चर्य पुनारामांसच वाटले. बापजादे ज्या रस्त्याच्या कडेकडेने चालले त्या रस्त्याच्या मधोमध आता आपण हॉर्न वाजवीत जाऊ, ऐसी उमेद धरून खासा स्वारी प्रथमच चौकात निघाली, आणि तेथे तुम्ही भेटलात.

घरी येऊन पुनाराम जेवले नाहीत. त्यांचे कुटुंब जिजाबाई यांनी कारण विचारिले, तेव्हा स्वारीने मसलत जाहीर केली की, वैशाखात आपली एकुलती कन्या विमल हिचे लग्न लामत्याच्या भोजराजाशी होणे आहे, ती आपल्या मोटारीत बसून सासरी जाईल, आणि त्या दिवशी कोणी हरामखोर काचेतून डोके घालून मालक कुठे म्हणून पुसेल तर ती पोरीच्या देखत शिकस्त होईल; करिता मोटारीच्या काचा रंगवून बंद कराव्या. बाहेरच्याने आत पाहू नये. पाहिले तर त्याला वाटावे की आत कोणी मोठे बसले आहे.

जिजाबाई बोलल्या, "अन् काचेतून दिसलेच नाही तर मोठे हाये की लहान, थे कसं समजंन जी?"

या प्रश्नावर स्वारीने पाना उचलला आणि ती मोटारीखाली शिरली. 

मग जिजाबाईंचे बंधू भैयालाल यांस दिवाणगिरीची वस्त्रे मिळाली. भैयालाल यांची विद्वत्ता ऐसी की न पाहिलेल्या वस्तूविषयी ते जास्त बोलत. त्यांनी सांगितले की, मोठ्या लोकांच्या गाड्यांस काळी काच असते, आणि काळी काच इकडे मिळत नाही, परंतु तजवीज होईल. आणि मग एका दवाखान्यामागील कचऱ्यातून छातीचे, हातापायांचे फोटो काढितात ते काळे एक्स-रे त्यांनी पोतेभर उचलून आणिले, आणि दोघा सेनानींनी डिंकाचे पातेले चुलीवर चढविले, आणि चारी खिडक्यांस आतून ते फोटो चिकटविले. छायेत मोटार ऐसी दिसली की जणू दिल्लीहून कोणी उतरले. भैयालालांनी मिशीस पीळ दिला. मग मोटार उन्हात ओढली, आणि आत बसलेल्या पुनारामांच्या चहूबाजूंस कोणाकोणाच्या बरगड्या उजळल्या. डाव्या खिडकीत एक छाती, उजवीत दुसरी, आणि मागे एक हात, मनगटाशी मोडलेला.

जिजाबाई सूप टाकून धावल्या. "हे कोनाचं छातड आनलं माह्या पोरीच्या गाडीले? वरात हाये का मयत?"

"बाई, उन्हातच दिसते थे," दिवाण बोलले.

"मंग लगन का अमावसेले लावतं?"

ऐसी काळ्या फौजेची वाताहत झाली. त्यानंतर दुलीचंद दुकानदारांकडून लाल पन्नी, म्हणजे पातळ चकचकीत पारदर्शक कागद, आणिली, जी पतंग आणि ताबूत सजवावयास नेतात, ती लाविली. परंतु तीत बसले असता माणूस फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत बसल्यागत दिसे, आणि भैयालालांस आत घाबरल्यासारखे झाले, म्हणून तीही खरवडली. दुलीचंदांनी तेव्हा विचारिले की काचेस दुखणे काय आहे. पुनारामांनी सांगितले की दुखणे काचेस नाही. एवढे एकच वाक्य या मोहिमेत शहाणपणाचे होते, आणि ते बोलणाऱ्यानेच ऐकिले नाही.

मग प्रकरण मोहल्ल्याच्या बैठकीपुढे गेले. बैठकीत सारे पुरुष, सारे जाणते, आणि मोटार चालविता येणारा त्यांत एकच. दोन ठराव झाले. पहिला ठराव, काचांस निळी पन्नी लावावी, कारण निळा आपला रंग, आपल्या झेंड्याचा रंग, आणि आपली लेक आपल्या रंगात गेली पाहिजे. यावर टाळ्या झाल्या, आणि पुनारामांचे डोळे भरून आले, ते खोटे नव्हते. दुसरा ठराव, लग्न धम्माप्रमाणे पांढऱ्या वस्त्रांत व्हावे, आणि हळद लावू नये, कारण ती जुनी रीत. यावरही टाळ्या झाल्या. जिजाबाईंस ठराव कळविला तेव्हा त्या "हौ" म्हणाल्या. पुरुषांनी तो होकार धरिला. वास्तविक जिजाबाईंचा "हौ" म्हणजे ऐकू आले, एवढाच.

निळी पन्नी लागली. परीक्षा म्हणून भैयालालांस आत बसविले आणि सर्वांनी बाहेरून पाहिले, आणि ते सावळे गृहस्थ निळ्या काचेआड ऐसे गंभीर आणि थोर दिसले की कित्येकांनी हात जोडिले. या वेळी डिंक सढळ हाताने ओतिला होता, तो काचेच्या फटीत उतरून वाळला, आणि काच खाली करण्याचा दांडा फिरेनासा झाला. पुनाराम म्हणाले, उत्तम, खाली करायचीच कोणाला आहे?

लग्न लागले. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, आणि तेव्हा पुरुषमंडळींस दिसले की नवरी आणि नवरदेव दोघेही कानापासून कोपरापर्यंत हळदीने माखलेले आहेत. वरात टेकताच मोहल्ल्यातील साऱ्या बायांनी नवरानवरीस आत नेऊन, दार लावून आपला स्वतंत्र ठराव केला होता. बैठकीचे जाणते एकमेकांकडे पाहते झाले, आणि मग जेवावयास बसले.

आता विदाईचा पेच उभा राहिला. शिरस्ता ऐसा की लेकीच्या विदाईस बापाने मागून जाऊ नये, आणि तिच्या सासरचे पाणीही पिऊ नये. परंतु मोटार चालविणारा दुसरा नाही. तेव्हा जिजाबाईंनी रडता रडता फर्मान काढिले, "तुमी तिथं बाप नाही, डायवर आहा. खाली उतरजा नोका, बोलजा नोका. बोलाचं काम भैयालाल करंन." आणि चौकातल्या तुमच्या हसण्यात जो शब्द दडला होता तोच 'डायवर' शब्द पुनारामांनी घरच्या माणसाच्या तोंडून ऐकिला, आणि मान खाली घालून चावी फिरविली.

स्वारी कूच झाली. मागे विमल आणि भोजराज, पुढे मामा भैयालाल पाठराखणीस, आणि सुकाणूशी पुनाराम. सारी वाट निळी होती. निळी झाडे, निळे बैल, चरेगावच्या निळ्या पोरी हात हलवीत होत्या. समोरची काच मात्र साफ होती, कारण तिच्यावर पन्नी लाविली तर रस्ता दिसत नाही. तेव्हा पुनारामांस उमजले की साऱ्या मोटारीत उघडा दिसणारा इसम एकच, आणि तो आपण. ज्याला लपवायचे होते तोच तेवढा लपायचा राहिला. त्यांस हसू आले, मग राग आला, आणि कोणावर काढावा हे न कळून त्यांनी हॉर्न वाजविला.

लामत्यास उन्हे कलता कलता पोचले. नवरदेवाकडील बायका रीतीप्रमाणे लग्नास गेल्या नव्हत्या. त्या दारात पाण्याचा गडवा आणि आरती घेऊन उभ्या, आणि नवरी कशी आहे हे कोणीच पाहिलेले नव्हते. सर्वांच्या अग्रभागी भोजराजाची आजी शेवंताबाई, जिच्या शब्दाबाहेर त्या घरची म्हैसही जात नसे. तिने निळ्या काचेस नाक लाविले. आत हळद पिवळी, बाहेर पन्नी निळी, आणि पुढे जे दिसले ते मोहल्ल्यातील एकाही जाणत्याच्या ध्यानी आले नव्हते.

"अवं माय! पोरगी हिरवी काहून दिसून राह्यली?"

साऱ्या बायका काचेवर लोटल्या. एकीने निदान केले की कावीळ असावी. दुसरी बोलली, "काविळीनं पिवळं होते वो, हिरवं नाही."

"मंग लय वाढली असंन."

मग कोणीतरी पलीकडल्या खिडकीशी किंचाळली, "अवं, भोजराजही हिरवाच झाला! सकाळी चांगला गेलता!"

"लागलं म्हना त्याले. एका दिवसात लागलं!"

शेवंताबाईंनी आरती खाली ठेविली, आणि फर्माविले की वैद्यास बोलवा, आणि त्याने पाहिल्याशिवाय दाराला कोणी हात लावू नये. रोगी पोरगी गळ्यात मारली असेल तर मोटार आल्या वाटेने परत जाईल. बायकांनी दोन्ही दारे पाठीने दाबून धरिली. भैयालाल पुढच्या दाराने उतरून निळ्या रंगाच्या थोरवीवर बोलू लागले, आणि जेवढे बोलले तेवढा संशय वाढला. आत भोजराज सांगत होता, "आजी, बरा हावो मी," परंतु हिरव्या माणसाचे कोण ऐकतो?

पुनारामांनी मागे हात घालून काचेचा दांडा धरिला. तो हलेना. ज्या डिंकास उत्तम म्हटले होते तो उत्तमच निघाला.  बोलावे तर आपण बाप नाही. उतरावे तर शिरस्ता मोडतो. गप्प बसावे तर लेक दारातून परत जाते, आणि ती कोणी नाकारिली म्हणून नव्हे, बापाने तिला रंग लावून झाकिली म्हणून. त्यांनी आरशात पाहिले. विमलची खाली घातलेली मान वर आली होती.

तिने निळ्या पन्नीत नखे रोविली आणि वरपासून खालपर्यंत टरकाविली. डिंकासकट, चर्रकन. मग दुसरी पट्टी ओढिली. मग भोजराजानेही आपल्या बाजूची फाडावयास घेतली. साफ झालेल्या काचेत तिचे तोंड उगवले, हळदीचे, घामेजलेले, आणि भलतेच संतापलेले. काचेआडून ती ऐसी ओरडली की मागल्या आळीतही ऐकू गेले:

"आजी, आता पाह्य! पिवळी हावो मी, हळद हाये! अन् थो पुढं बसला थो डायवर नाही, माहा बाप हाये. गाडी त्याची हाये, त्यानं हातानं बनवली. मले मंग उतरवजा, पयले त्याले पानी द्या!"

 शेवंताबाई दोन पावले मागे सरल्या, मोटारीसमोर आल्या, आणि साफ काचेतून पुनारामांकडे पाहात उभ्या राहिल्या.  पुनारामांनी नजर चुकविली नाही, कारण चुकवावयास जागाच नव्हती.

"बाप हाये?" शेवंताबाई बोलल्या. "मंग आत काहून लपून राह्यला बापा? सोयऱ्यानं असं बसावं का?"

आणि त्यांनी गडव्यातील ओवाळण्याचे पाणी स्वहस्ते खिडकीशी नेले. खिडकी उघडेना. तेव्हा पुनारामांनी दार उघडिले, लामत्याच्या जमिनीवर पाय ठेविला, शिरस्ता मोडिला, आणि लेकीच्या सासरचे पाणी उभ्याने प्याले. अर्धे पाणी डोळ्यांतून बाहेर आले, ते उन्हामुळे, ऐसे भैयालालांचे म्हणणे आहे.

मग विमलला ओवाळून उतरविले, आणि त्या घरच्या बायकांनी ऊन पाणी आणि उलथणी घेऊन चारी काचांवर हल्ला चढविला, आणि दिवस बुडण्याआधी पन्नीचा एक तुकडाही काचेवर उरला नाही. येणेप्रमाणे निळ्या पन्नीची मोहीम फत्ते झाली. जिंकले कोण म्हणाल तर विमल. हरले कोण म्हणाल तर बैठकीचे ठराव, दिवाणांची विद्या, आणि पुनारामांची ती समजूत की आपल्याला कोणी पाहिले नाही म्हणजे आपली इज्जत राहिली. काचेसाठी योग्य रंग कोणता, हे नमूद करून ठेवावे: कोणताही नाही.

आता तुमच्याकडे येणे आहे. दुसऱ्या दिवसापासून ही मोटार रोज बालाघाटच्या रस्त्यांवर फिरते आहे. काचा धुतलेल्या आहेत, आत सारे काही दिसते, सुकाणू धरणाऱ्याचे तोंड तर अंमळ जास्तच. तुम्ही आता हात दाखवीत नाही, मान फिरवून उभे राहता. मान वळवा. आत पाहा. आणि त्या दिवशी तुम्ही नेमके कशाला हसलात, ते लेखी, सहीनिशी, पुनाराम गजभिये, मोटारमालक, यांस कळवा. जबाब पाहिजे.