साळवेसाहेब आणि निर्दोष कोकरू

शांतवन साळवे कुणाला नमस्कार करत नसत, प्रश्न विचारत. ओळख असो नसो, चष्म्यावरून समोरच्याकडे बघून ते म्हणत, "एक सांगा. येशूला पाप करता आलं असतं का?"

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात हा प्रश्न सगळ्यांना विचारून झाला होता. पर्सोनेल मॅनेजर म्हणाले, "लेखी द्या, बघू." एकदा त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, तर त्यानं रिक्षा कडेला घेतली आणि शांतपणे सांगितलं, "चाचा, हमारे में भी वो नबी हैं. नबी से गुनाह नहीं होता. अब चुप बैठो."

साळवेंचं समाधान झालं नाही. "झालं नाही, हे मलाही ठाऊक आहे हो," ते मला म्हणाले. "होऊ शकलं असतं का, हा मुद्दा आहे. मुद्दा सोडू नका."

ते आमच्याकडे इन्स्पेक्टर होते. मी लेथवर. मी केलेला जॉब त्यांच्या टेबलावर जायचा आणि बहुतेक वेळा लाल खडूची फुली घेऊन परत यायचा. मुकुंदवाडीत आमच्या खोल्याही शेजारी शेजारी होत्या, त्यामुळे फुल्या घरीही चालू. माझी दोरीवर वाळत घातलेली लुंगी वाकडी आहे, हेसुद्धा ते सांगायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भर मे महिन्यात पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद.

त्यांच्या चर्चमध्ये तेव्हा नवीन पाळकसाहेब आले होते. तरुण, मऊ बोलणारे. येशू देवाचा पुत्र, पाप त्याच्या स्वभावातच नव्हतं, तेव्हा तो ते करूच शकत नव्हता, असं त्यांनी प्रवचनात सांगितलं. साळवे भर प्रवचनात उभे राहिले.

"पाळकसाहेब, जो जॉब फेल होऊच शकत नाही, तो तपासायचा कशाला? रानात सैतानानं चाळीस दिवस परीक्षा घेतली, ती लुटुपुटूची होती का?"

"साळवे, तो पाप करू शकला असता म्हणालात, तर आपलं तारण एका धाग्यावर लटकत होतं असा अर्थ होईल."

"लटकतच होतं!" साळवे म्हणाले.

झालं. मंडळीचे दोन तट पडले. 'करूच शकत नव्हता'वाले डावीकडच्या बाकांवर, 'करू शकत होता पण केलं नाही'वाले उजवीकडे. एका घरातली सासू डावीकडे आणि सून उजवीकडे बसू लागली. "त्या दोघींचं आधीपासूनच तसं आहे," साळवे म्हणाले, "त्याचं खापर माझ्यावर नको."

शेवटी पाळकसाहेबांनी एक बिनतोड मुद्दा काढला. पूर्वी बळीसाठी निर्दोष कोकरू लागायचं. कोकरू काही पाप करू शकत नाही. तरी त्याचा बळी खराच ना?

साळवेंनी दोन दिवस लाल खडू खिशातून काढलाच नाही. माझे सगळे जॉब पास झाले, तेव्हाच मला काळजी वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं.

"तुमचे वडील मेंढरं राखतात ना?"

"हो, पाचोडकडे."

"मला निर्दोष कोकरू बघायचंय. कोकरू मान पुढं करतं, कारण त्याला काही कळत नाही. त्याला पळून जायचंच नसतं. मग न पळण्यात कसली आलीय बहादुरी? येशूला सगळं कळत होतं. हा फरक मला पाळकसाहेबांना दाखवायचाय."

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघांनी रजा टाकली आणि एसटीनं पाचोड गाठलं. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणतो, सहा कोकरं घेऊन लिंबाखाली बसले होते. साळवेंनी खिशातून स्टीलची पट्टी आणि भिंग काढलं. पहिल्या कोकराचा कान किंचित फाटलेला. रिजेक्ट. दुसऱ्याच्या पोटावर काळा ठिपका. रिजेक्ट. तिसऱ्याचे दात बघायला ते खाली वाकले, तेव्हा बानं मला बाजूला घेतलं.

"तुझ्या साहेबाला कोकरू घ्यायचंय का सून बघायचीय?"

चौथं पास झालं. पांढरंशुभ्र, दाव्याला बांधलेलं, शांत उभं. साळवेंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बघा," ते म्हणाले, "हे पळायचं नाही. याला कळतच नाही."

"कोन म्हन्तं?" बा म्हणाले. "दावं हाय म्हून हुभं हाय. सोडून बघा की."

साळवे इन्स्पेक्टर. तपासल्याशिवाय कसं मान्य करतील? त्यांनी दावं सोडलं.

कोकरू क्षणभर उभं राहिलं. मग बांगडीवाल्याच्या पालातून, मिरच्यांच्या ढिगावरून, एका म्हाताऱ्याच्या दोन पायांमधून जे सुटलं, ते थेट मेथीच्या जुड्यांत. त्याच्या मागे साळवे, त्यांच्या मागे मी आणि आमच्या मागे बाच्या शिव्या. सगळा बाजार हसत होता.

कोकरू सापडलं तेव्हा साळवे तिथंच भुईवर बसले. कोकरू मांडीवर, दोघंही धापा टाकत. मी हसत होतो. ते हसले नाहीत.

"पळतं की हो," ते म्हणाले. आणि त्याच्या अंगावरची मेथी झटकत, "मीपण पळालो होतो."

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ठरावानंतर गावोगाव दलितांच्या वस्त्या जळाल्या, ते दिवस आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते. साळवे त्या आठवड्यात त्यांच्या आत्याकडे गेले होते, पाचोडपासून दोन कोसांवरच्या एका गावात. त्यांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतलेला, आत्याचं घर बौद्ध. रक्त एकच. दुपारी ते दळण आणायला निघाले आणि वेशीपाशी जमावानं त्यांना अडवलं. कोण रे तू?

"मी म्हणालो, मी ख्रिस्ती आहे. पाहुणा आहे. या लोकांशी माझा संबंध नाही." ते कोकराच्या डोक्यावरून हात फिरवत होते. "सोडलं मला. मी थेट इथवर पळत आलो. दुसऱ्या दिवशी कळलं, आत्याचं घर गेलं. ती वाचली."

"नंतर गेला नाहीत?"

त्यांनी मान हलवली. "पाळकसाहेब म्हणतात, येशू पळूच शकत नव्हता. मग त्याला माझं काय कळणार? पण त्यालाही पळावंसं वाटलं असेल, वाट मोकळी असेल, आणि तरी तो थांबला असेल... तर मला त्याच्यापुढं निदान उभं तरी राहता येईल."

बा शिव्या विसरून ऐकत होते. त्यांनी साळवेंच्या मांडीवरून कोकरू उचललं.

"दोनच कोस हाय," ते म्हणाले. "उन्हं उतरायच्या आत पोचताल."

मी त्यांच्याबरोबर गेलो. वाटेत ते पुटपुटत होते, काय बोलायचं त्याची तयारी करत. घराच्या तीन भिंती नव्या मातीच्या होत्या, चौथी जुनी, वरपर्यंत काळी. सत्तरीची आत्या एकटीच एक पत्रा भिंतीला टेकवायची खटपट करत होती.

"आत्या, मी त्या दिवशी वेशीवर..."

"ठाऊक हाय," ती मागं न बघता म्हणाली. "काय बोललास ते समद्या गावाला ठाऊक हाय. मारलं असतं त्यांनी तुला. पळालास, बरं केलंस." मग ती वळली. "पण शांत्या, दोन वरसं? मी जिती हाय का मेले, ते बघाया बी आला नाय?"

 साळवेंनी चष्मा काढला आणि ते तिच्यापुढं उभे राहिले. आत्यानं पत्र्याकडे बोट केलं.

"धर ते टोक," ती म्हणाली. "एकटीला उचलत नाय."

त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि टोक धरलं. माझी शेवटची एसटी चुकेल म्हणून मी निघालो. "माझी आठवड्याची रजा टाका," ते मला म्हणाले. कुंपणापाशी पोचलो तेव्हा मागून आत्याचा आवाज आला, "हळू रं, माझ्याकडं जड हाय."

"माझ्या बाजूला झुकव, आत्या," साळवे म्हणत होते. "झुकव. धरलाय मी."