भिंतींना नाक लावणारे दाजीकाका

जामसंड्यात एखादं नवं घर विकायला निघालं की लोक आधी भाव विचारतात. आमचे शेजारी दाजीकाका भिंतीला नाक लावतात. मग कपाट उघडून त्यात डोकं घालतात आणि आतूनच निकाल देतात, "रंगाचो डबो ह्यो! ह्येच्यात माणूस रवात?"

कारण होती मुंबईतली त्यांची नात, सई. तिला दमा. तिथल्या घरात नवं फर्निचर आणि रंगकाम झाल्यापासून छाती जास्तच वाजायची. काकांचा मुलगा घरूनच काम करणारा, त्यामुळे सगळे इकडे राहायला यायला तयार होते. पण काका भाड्याने राहत त्या खोल्यांत भिंतीभर बुरशी. घर तर हवंच होतं. मुलगा फोनवर म्हणे, "बाबा, तयार घ्या. बांधण्यात वर्ष जाईल."

एका फ्लॅटमध्ये काकांनी दारं-खिडक्या लावल्या आणि सरळ फरशीवर आडवे झाले. दाखवायला आलेला माणूस घाबरला.

"काका, बरं वाटत नाही का?"

"माका काय झाला नाय. तुझ्या घराची तब्येत बघतंय."

थोड्या वेळाने चुरचुरणारे डोळे चोळत उठले.

"नव्या घराला वास असतोच हो," तो म्हणाला.

"मगे तू रव हंय."

शेवटी स्वतःच्या हापूसच्या बागेत बांधायचं ठरलं. चिऱ्याच्या भिंती, आतून चुना, प्लायवूडला बंदी. सुताराने गोंदाचा डबा आणला, तो काकांनी पाहुण्याला निरोप द्यावा तसा बागेच्या दगडी गडग्याबाहेर नेऊन ठेवला. वर्ष गेलंच, वर आणखी काही महिने.

घर उभं राहिलं, मोहोर आला आणि नेहमीसारखे फवारणीवाले आले. पहिलाच फवारा वाऱ्यावर थेट नव्या माजघरात शिरला. काका पायरीवर उभे होते. गोंदाच्या डब्याला हाकलणाऱ्या माणसाने घर बांधलं होतं ते औषध मारायच्या आंब्याच्या कलमांच्या मधोमध! मला हसू आवरेना. काका मात्र पायरी उतरून फवारणीवाल्याकडे गेले.

"बंद कर रे पंप," एवढंच म्हणाले.

घराभोवतीची कलमं त्या वर्षी फवारणीविना तशीच राहिली. तुडतुड्यांनी मोहोर काळा करून टाकला. सगळे बागायतदार त्यांना वेड्यात काढू लागले.

"काका, पीक गेलं की," मी म्हटलं.

"जाऊं दे. इतकी वर्षां पेट्ये भरून धाडलंय. घरात बसान खाऊक कोण होतां? आता नात येतली."

मे महिन्यात सई आली. बागेत हुंदडून दुपारी माजघरात झोपली. मी काकांना हाक मारत आत गेलो, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. नातीच्या छातीशी कान नेऊन ते बसले होते. मला जवळ बोलावलं.

"काय आयकाक येता?"

मी वाकून ऐकलं. "काहीच नाही."

"नाय मां?" काका म्हणाले, आणि खात्री करायला पुन्हा वाकले.